निरोधक एफसी ग्राही आणि संधिवाताभ संधिशोथ

निरोधक एफसी ग्राही : रोगप्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावरील, प्रतिपिंडाचे शेपूट धरून पेशीला आवरणारे प्रथिन. पूर्ण नाव एफसी-गॅमा ग्राही टू-बी. सीडी-३२-बी असेही म्हणतात. संधिवाताभ संधिशोथात, म्हणजे दवाखान्यात ज्याला आमवात किंवा नुसते ‘आरए’ म्हणतात त्या विकारात, सांध्यातला दाह किती भडकेल यात या ग्राहीचा वाटा असतो.

आयजीजी वर्गाचे प्रतिपिंड वाय या इंग्रजी अक्षरासारखे दिसते. वरच्या दोन हातांनी ते प्रतिजन पकडते. खालचे शेपूट, म्हणजे एफसी भाग, पेशीवरच्या ग्राहीत अडकते. या कुळातले बहुतेक ग्राही पेशीला चेतवतात : गिळ, दाहक रसायने सोड, आणखी पेशी बोलाव. टू-बीचे काम उलटे. त्याच्या पेशीतल्या टोकाला ‘आयटिम’ नावाचा अमिनो आम्लांचा छोटा क्रम असतो. चेतवणारा ग्राही आणि टू-बी प्रतिपिंडांच्या एकाच गुच्छाला लागले, की त्या क्रमावर फॉस्फेट चढते. मग शिप-१ हे विकर तिथे येऊन पीआयपी-३ या रेणूतले एक फॉस्फेट काढून घेते आणि चेतवण्याचा निरोप वाटेतच थांबतो. महाभक्षी व मास्ट पेशींवर टू-बी चेतवणाऱ्या ग्राहींच्या शेजारीच असतो. बी पेशींवर मात्र आयजीजीसाठी हा एकच ग्राही. प्रतिपिंडे पुरेशी झाली, आता आवरा, ही वर्दी त्यांना त्याच्याकडून मिळते.

तोशियुकी ताकाई, जेफ्री रॅव्हेच व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या ग्राहीविना उंदीर तयार केले. त्यांच्यात प्रतिपिंडे जास्त बनली. १९९९ मधला प्रयोग अधिक बोलका आहे. कूर्चेतले कोलॅजन टोचले तर उंदरांच्या काही जातींना संधिशोथ होतो, काहींना सहसा होत नाही. न होणाऱ्या जातीतून टू-बी काढल्यावर तिचेही सांधे सुजले. शरीर स्वतःवर उलटण्याची शक्यता त्या उंदरांत आधीपासून होती. लगाम काढल्यावर ती उघडी पडली.

माणसात हाच मुद्दा तपासणीच्या कागदापाशी येतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ‘आरए फॅक्टर पॉझिटिव्ह’ एवढाच रिपोर्ट पिशवीत घालून रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्यात जातो. हा फॅक्टर म्हणजे आयजीजीच्या एफसी शेपटावरच उलटलेले प्रतिपिंड. तो क्षयरोगात, कुष्ठरोगात आणि काही निरोगी वृद्धांतही सापडतो. सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे (अँटी-सीसीपी) जास्त नेमकी, पण तीही सांधा दुखण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात असू शकतात. प्रतिपिंड असणे आणि सांधा पेटणे यांच्या मधल्या जागेत टू-बी व त्याचे चेतवणारे भाऊबंद काम करत असतात. कागद ती जागा दाखवत नाही. हात थोडीफार दाखवतो. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटे दिवसभराच्या वेचणीने दुखली, तर संध्याकाळी जास्त दुखतात आणि विसाव्याने निवतात. आमवातात सकाळी मूठच वळत नाही, तासभर तरी बोटे आखडलेली राहतात आणि हालचालीने सैल होतात. सूज बोटांच्या मुळाशी व मधल्या पेरावर येते, टोकाचे पेर बहुधा सुटते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून केलेल्या पाहणीत सुमारे ४,००० प्रौढांत या विकाराचे प्रमाण साधारण दोनशेंत एक आढळले. सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार मात्र जवळजवळ पाचांतल्या एकाची होती.

टू-बीच्या जनुकाचा एक प्रकार असा की २३२ व्या जागी आयसोल्युसीनऐवजी थ्रिओनीन येते. ग्राही पेशीपटलात नीट स्थिरावत नाही, लगाम ढिला पडतो. दोन्ही प्रती अशा असल्या तर ल्युपस या आत्मप्रतिरक्षा विकाराचा धोका वाढतो. उलट केनियातील मुलांत हाच प्रकार तीव्र हिवतापापासून संरक्षण देताना दिसला. आफ्रिका व आग्नेय आशियात तो युरोपपेक्षा जास्त आढळतो. हिवतापाच्या बदल्यात दुसरे दुखणे, हा सौदा विदर्भातल्या वाचकाला सिकलसेलमुळे ओळखीचा आहे. (सिकलसेलच्या झटक्यातही हातपाय व सांधे ठणकतात आणि तो आमवात समजला जाण्याचा धोका असतो, इथल्या डॉक्टरला दोन्ही डोक्यात ठेवावे लागतात.)

हा लगाम औषधाने ओढता येईल का? निरोगी दात्यांची आयजीजी प्रतिपिंडे शिरेतून मोठ्या मात्रेत दिली, की उंदरांच्या महाभक्षी पेशींवर टू-बी वाढतो आणि प्रतिपिंडजन्य संधिशोथ ओसरतो. आमवाताच्या रुग्णांत या महागड्या उपचाराने तसे स्थान मिळवलेले नाही. बी पेशींवरचा सीडी-१९ रेणू आणि टू-बी एकत्र बांधून त्या पेशींना गप्प करणारी प्रतिपिंडेही तयार झाली आहेत. नेहमीच्या उपचाराचा कणा आजही मेथोट्रेक्सेट हाच. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटून जिवावर बेतते. टू-बीची तपासणी नेहमीच्या रक्ततपासणीत नसते.