केमोथेरपीपूर्वीचा रुग्णवर्ग : पांढुर्णा-सौंसरच्या संदर्भात

रुग्णांना एकत्र बसवून आजार समजावून सांगण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०५ मध्ये बोस्टन येथे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. क्षयावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार हे नियम घरीच पाळावयाचे होते. म्हणून शिक्षण हाच उपचाराचा आधार ठरला.

१९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा कॅन्सरवर शस्त्रक्रिया व किरणोपचार हेच मुख्य मार्ग होते. पुढे केमोथेरपी आली आणि जबाबदारीचा काही भाग पुन्हा घरावर आला. औषध रुग्णालयात दिले जाते. मात्र पांढऱ्या पेशी बहुधा सात ते चौदा दिवसांनी, रुग्ण घरी असताना, सर्वांत कमी होतात. त्या काळात १००.४ अंश फॅरनहाइट ताप आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर पांढुर्णा-सौंसरचा मराठीभाषक पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी मोठ्या आजारात येथील माणूस नागपूरची वाट धरतो. हाती येणारा कागद हिंदी वा इंग्रजी, घरची बोली मराठी किंवा उर्दू! अशा वेळी ‘साधा ताप आहे, सकाळी पाहू’ हे वाक्य जिवावर बेतू शकते.

म्हणून पहिल्या डोसापूर्वी रुग्ण व त्याची शुश्रूषा करणारे नातेवाईक यांचा एकत्रित वर्ग त्यांच्याच भाषेत होणे अगत्याचे आहे. एकाने विचारलेली शंका दहा जणांची असते. दोन्ही भाषा जाणणाऱ्या महाविद्यालयीन शिक्षकांना येथे डॉक्टरांचा दुभाषी होता येईल.