कावीळ, काळीज आणि उल्हासचे पाणी

काळीज हा शब्द आपण आज बहुधा हृदयासाठी वापरतो. पण खाटकाच्या दुकानात कलेजी मागितली की तो यकृतच तोलून देतो. काळजाचा जुना अर्थ तिथे अजून शाबूत आहे. घरात कुणाचे डोळे पिवळे झाले, तीन आठवडे उलटले तरी तोंडाला चव नाही, चार पायऱ्या चढवत नाहीत, असे झाले म्हणजे साऱ्या घराची काळजी या काळजापाशी येऊन थांबते. लिव्हर तर गेले नाही ना? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पावसाळ्यात हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो. त्याच्या उत्तरासाठी आधी १९५५ सालच्या दिल्लीत जावे लागेल.

त्या वर्षी यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरताना नदीचा प्रवाह सरकला, आणि नजफगडच्या नाल्याचे मैले पाणी वझिराबादला, जिथून शहरासाठी पाणी उचलत, तिथपर्यंत येऊन पोचले. नोव्हेंबरातली गोष्ट. कामावरच्या मंडळींनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. त्याचा गुणही आला, विषमज्वराची साथ काही उसळली नाही. सुटलो, असे वाटले असेल. पण डिसेंबर लागला आणि कावीळ सुरू झाली. जानेवारी सरेपर्यंत डोळे पिवळे झालेल्यांची संख्या अंदाजे २९,३०० वर गेली. जेवढ्या क्लोरीनने जंतू मेले, तेवढ्याला विषाणू पुरून उरला होता.

आता काळजाचे काय झाले ते पाहू. या साथीतल्या रोग्यांना डॉक्टरांनी काही वर्षांनी पुन्हा तपासले. तो अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्या काविळीमुळे यकृताला कायमची इजा झाल्याचे आढळले नाही. महिनाभर हळदीसारखी पिवळी पडलेली माणसे पूर्ववत झाली होती! यकृत हा मोठा सोशिक अवयव आहे. त्याचा पुष्कळसा भाग निकामी झाला तरी तो पुन्हा भरून येतो.

एका बाबतीत मात्र ही साथ फार क्रूर ठरली. गरोदर स्त्रियांत मरणाचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. याचा उलगडा लगेच झाला नाही. बरीच वर्षे सगळ्यांची समजूत अशी की ही नेहमीची संसर्गजन्य कावीळ, जिला पुढे हिपॅटायटिस ए हे नाव मिळाले. पण ती तर आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जाते. मग दिल्लीत धडधाकट तरुण माणसे का पडली? त्या साथीतले रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. १९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील डॉ. खुर्शीद पावरी, श्रीनिवासन प्रभृतींनी दाखवून दिले की हा विषाणू 'ए' नव्हे आणि 'बी'ही नव्हे, तिसराच कुणी आहे. पुढे त्याला 'ई' म्हणू लागले. पंचवीस वर्षे चोर एक आणि फिर्याद दुसऱ्यावर, असा प्रकार चालला होता. १९८१ साली कोल्हापूर शहरात पाण्यातून आलेली काविळीची मोठी साथही 'ए'ची नव्हती.

इथे थोडे विषयांतर. काविळीची माळ आपण सर्वांनी पाहिली आहे. डोक्यात घातलेली माळ उतरत उतरत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली. ती वाढते हे खरे; काड्या सुकून आक्रसतात, गाठी सैल होतात, दोरा मोकळा होतो. खुंटीवर टांगली तरी ती वाढेल. हात धुताना निघणारे पिवळे पाणी हा चुना आणि आंब्याची साल यांचा खेळ. पाण्याची कावीळ बहुधा चार-सहा आठवड्यांत आपल्या आप उतरते, म्हणून श्रेय ज्याचा उपाय चालू असेल त्याला मिळते. माळेने इजा होत नाही. दंडावर डाग दिल्याने होते, आणि नाव-गाव नसलेल्या पुड्यांनी आधीच आजारी असलेल्या यकृताला आणखी होते. रोगी गुंगीत जाऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, कुठून रक्त आले, किंवा बाई गरोदर असली, तर माळवाल्याची वाट धरण्यात वेळ घालवू नये. सहा महिन्यांवर रेंगाळणारी कावीळही निराळीच समजावी. रक्तातून, दूषित सुईतून येणारे 'बी' आणि 'सी' पुष्कळदा वर्षानुवर्षे ठाण मांडतात, आणि लिव्हरची भीती तिथे रास्त आहे.

आता उल्हासकाठी येऊ. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींतून सिंधी निर्वासितांचे संसार मांडले गेले, आणि १९४९ साली छावणीचे उल्हासनगर झाले. सैनिकांसाठी उभारलेल्या वस्तीवर एक अख्खे शहर वाढले. अंबरनाथला १०६० सालचे शिलाहारांचे शिवालय ज्या वालधुनीच्या काठी आहे, ती नदी खाली येईतो कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी वाहू लागली.

दाट वस्तीत पाण्याचा नळ बरेचदा गटारातूनच जातो. पाणी दाबाने वाहते तोवर फुटक्या सांध्यातून ते बाहेर गळते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते आणि त्याच सांध्यातून गटार आत ओढून घेते. कुणी नळालाच पंप लावला तर आणखी जोराने. गुरुजनांना हे वर्गात दाखवता येईल. रबरी नळीने बादलीतले पाणी सायफनने खाली सोडा आणि नळीला बादलीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच टाचणी टोचा. पाणी गळायचे नाही, हवाच आत शिरेल.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकून पडली, ती याच उल्हासच्या पाण्यात. अशा दिवसांत न उकळता प्यायलेले पाणी दोन ते आठ आठवड्यांनी डोळ्यांत उतरते. म्हणून कावीळ झालेल्याला काल काय खाल्ले हे विचारून फारसे हाती लागत नाही. महिन्या-दीड महिन्यामागे नळाला गढूळ पाणी कोणत्या दिवशी आले होते, आणि त्या नळावर आणखी किती घरे भरतात, हे विचारायचे असते.