प्रेसचा माणूस

नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटले की वर्तमानपत्र कोणाच्याही डोळ्यांसमोर येत नाही. तेथे प्रेस एकच. खरे पाहता त्या दोन आहेत: टपाल तिकिटे, मुद्रांक आणि पारपत्रे छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस. पण बोलण्यात हा भेद कोणी फारसा पाळत नाही. ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ हे तीन शब्द लग्नाच्या बैठकीत एके काळी पुरेसे होत. पगार किती, हा प्रश्न मग कोणी विचारीत नसे.

व्यवस्थापनावरची पुस्तके आता मराठीतही भरपूर निघतात. कर्मचाऱ्याच्या मनात संस्थेविषयी आपलेपणा कसा रुजवावा, याची कृती त्यांत पाककृतीसारखी दिलेली असते. विश्वास टाका, मोकळीक द्या, वाढदिवस साजरे करा. ही पुस्तके चाळताना आम्हांला हटकून प्रेसची आठवण होते. कारण त्या वास्तूचा पहिला नियमच अविश्वासाचा आहे. कागद मोजून आत येतो, प्रत्येक टप्प्यावर पुन्हा मोजला जातो, बिघडलेला तावही मोजूनच नष्ट होतो. छपाईत खराब निघालेल्या नोटेच्या जागी क्रमांकात तारा असलेली नोट घालण्याची पद्धत 2006 पासून सुरू झाली, तीही हिशेब तुटू नये म्हणून. आणि काम संपवून निघणाऱ्या माणसाची फाटकावर झडती होते. ती एकदा, संशयावरून होत नाही; नोकरीच्या पहिल्या दिवसापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत होते. अशा जागी आपलेपणा रुजला कसा?

आरंभाकडे पाहू. हिंदुस्थानची टपाल तिकिटे दीर्घकाळ लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. पहिल्या महायुद्धानंतर हे काम येथेच करावे असा विचार बळावला, 1922 मध्ये विलिस आणि अॅस्कोली या दोन अधिकाऱ्यांनी विलायतेत जाऊन त्याची पाहणी केली आणि 1925 च्या सुमारास नाशिकला छपाई सुरू झाली. मुंबईपासून रेल्वेने सुमारे 190 किलोमीटर, हवा मुंबईपेक्षा कोरडी, शिवाय बंदर आणि त्याची गजबज दूर. कागद आणि तिजोरी दोहोंनाही हे मानवणारे होते. 1928 मध्ये करन्सी नोट प्रेस उभी राहिली आणि पंचम जॉर्जची छबी असलेली पाच रुपयांची नोट तेथून बाहेर पडली. ती नोट छापणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार त्याच्या हातून क्षणाक्षणाला जात असणार, हे निराळे सांगायला नको.

याच काळात आणि याच प्रांतात एका मराठी माणसाने अगदी उलटा प्रयोग केला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि रात्रीच्या राखणीवर शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. तेथे गुन्हेगार म्हणून ओळखल्या गेलेल्याच्या हाती कारखान्याची राखण, तर नाशिकला प्रामाणिक माणसाची रोज संध्याकाळी झडती. लक्ष्मणरावांची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि ते योग्यच आहे. मात्र त्या गोष्टीत विश्वास टाकणारा एक मालक आहे, त्याचा चेहरा आहे. प्रेसचा मालक सरकार. आधी परके, मग आपले, पण दोन्ही वेळा बिनचेहऱ्याचे. तेव्हा नाशिकच्या कामगाराचा आपलेपणा कोणाच्या उपकारातून आलेला नाही. तो दुसऱ्या कशातून तरी आला.

आमच्या मते तो कामातून आला, आणि त्या कामाच्या दुर्मीळपणातून. 21 नोव्हेंबर 1947 रोजी स्वतंत्र देशाचे पहिले तिकीट निघाले: साडेतीन आण्यांचे, त्यावर तिरंगा आणि ‘जय हिंद’. ते नाशिकचे. पुढच्याच वर्षी गांधीजींची तिकिटे मात्र स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली, कारण फोटोग्राव्ह्युअरची सोय आपल्याकडे नव्हती. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या महात्म्याच्या नशिबी हे यावे, याची चुटपुट अनेकांना लागली होती. 1952 च्या ऑक्टोबरात कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची मालिका आली ती नाशिकलाच, फोटोग्राव्ह्युअर पद्धतीने छापलेली. चार वर्षांत ती उणीव भरून निघाली. ज्या हातांनी ती भरून काढली त्यांची नावे तिकिटावर नसतात. पण घरी त्या हातांना ठाऊक असते.

याहून विलक्षण प्रसंग 1948 चा. फाळणी झाली, पण पाकिस्तानजवळ नोटा छापण्याची व्यवस्था नव्हती. तेव्हा भारतीय नोटांवरच इंग्रजी आणि उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’ अशी अक्षरे छापून त्या तिकडे चलनात आणल्या गेल्या, आणि हे काम नाशिकने केले. सीमेवर रक्त वाहत होते आणि गोदाकाठी त्याच सीमेपलीकडच्या राज्याचे चलन तयार होत होते. या कामाचे वर्णन छापणाऱ्याच्या शब्दांत मिळाले असते तर मराठीला एक अपूर्व आत्मचरित्र लाभले असते. गुप्ततेची शपथ घेतलेला माणूस आत्मचरित्र लिहीत नाही. आपल्या कामगार साहित्यात गिरणी आहे, गोदी आहे. प्रेस जवळजवळ नाही.

जे लिहिले गेले नाही ते वसाहतीत मुरले. नेहरूनगरच्या प्रेस कॉलनीत शेजारीही प्रेसचाच. कामाबद्दल बाहेर बोलायचे नाही, हा निर्बंध असला की माणसे आपोआप आपसांत बोलू लागतात, आणि आपसांत बोलणाऱ्यांचे एक गाव तयार होते. झडतीचेही तसेच. ती साहेबाची आणि शिपायाची दोघांचीही असेल तर तिच्यातला अपमान पातळ होतो. निवडक माणसांचीच होऊ लागली तर तोच अपमान असह्य होतो. व्यवस्थापनाच्या पुस्तकांना हा बारकावा सापडलेला आम्हांला दिसला नाही.

पुढे मक्तेदारी गेली. 1970 च्या दशकात देवासला, 1990 च्या दशकात म्हैसूर आणि सालबोनीला नोटा छापल्या जाऊ लागल्या. मग तेलगी प्रकरण आले. प्रेसमधून लिलावात निघालेली यंत्रे बनावट मुद्रांकांसाठी वापरली गेल्याचे उघड झाले आणि ‘प्रेसमध्ये आहे’ या वाक्याकडे लोक काही काळ निराळ्या नजरेने पाहू लागले. 2006 च्या जानेवारीत दोन्ही प्रेस, टांकसाळी आणि अन्य कारखाने मिळून महामंडळ झाले. सरकारी नोकर एका सकाळी कंपनीचा माणूस होतो म्हणजे काय होते? पगारपत्रकाचा मथळा बदलतो आणि निवृत्तिवेतनाची धास्ती लागते. अभिमानाची बदली मात्र कागदोपत्री करता येत नाही.

हे 2016 च्या नोव्हेंबरात दिसले. नोटाबंदीनंतर नाशिकला पाचशेच्या नव्या नोटांची छपाई रविवारी आणि सुटीच्या दिवशीही चालली, जादा तास चालली. दिवसभर नोटा छापून बाहेर पडलेला माणूस झडती देऊन, इतरांसारखाच, एटीएमच्या रांगेत जाऊन उभा राहत होता.

आणि 2021 ची हकिकत. करन्सी नोट प्रेसमधून पाचशेच्या नोटांचे पाच लाख रुपये हिशेबात लागेनात. महिनोन्‌महिने आत शोध चालला, शेवटी पोलिसांत तक्रार गेली, वर्तमानपत्रांत चोरीचे मथळे झळकले. तपासात निघाले ते वेगळेच. चोरी झालीच नव्हती. नष्ट करायच्या मालाबरोबर चांगल्या नोटाही चुकून पंच झाल्या होत्या, आणि ज्यांच्या हातून हे घडले ते कारवाईच्या भीतीने गप्प राहिले होते. सगळे गाव फाटकाबाहेर चोर शोधत असताना त्या नोटा फाटकाच्या आतच, भोके पडून, संपल्या होत्या.