माणसं हलली नाहीत, सीमा हलली

कणकुंबी हे खानापूर तालुक्यातलं घाटमाथ्यावरचं गाव. इथल्या माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडं कृष्णेला मिळायला जाते. गावाच्या पुढं चोर्ला घाट, आणि घाट उतरला की गोव्यातला सत्तरी तालुका. आमच्या सीमाभागात 'बाहेरचा कोण' हा वाद निघाला की मला या गावाचा इतिहास सांगावासा वाटतो.

1956 च्या ऑक्टोबरपर्यंत हे गाव मुंबई राज्यात होतं. 1 नोव्हेंबरला चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चूल तीच, शेत तेच, पण कणकुंबीची मराठी माणसं एका दिवसात भाषिक अल्पसंख्याक झाली. घाटाखाली 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. म्हणजे पाच-सहा वर्षांत गावाच्या दोन्ही अंगाची राज्यं बदलली. माणसं मात्र जागच्या जागीच होती.

आता याच घाटमाथ्यावरचा माणूस पोटासाठी गोव्यात उतरतो, तेव्हा त्याला 'घाटी' म्हणतात; मग तो मराठी बोलो की कन्नड. गोव्याच्या लोकांची भीतीही खोटी म्हणता येत नाही. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात त्यांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला, त्यात आपली भाषा आणि नोकऱ्या जातील ही धास्ती होतीच. त्याच्या आदल्या जूनमध्ये मुंबईत शिवसेना निघाली, ती दाक्षिणात्यांनी मराठी मुलांच्या नोकऱ्या घेतल्या म्हणून. आणि ऑक्टोबरात बेळगावच्या मराठी माणसाचं गाऱ्हाणं ऐकायला महाजन आयोग नेमला गेला. बघा, मराठी माणूस मुंबईत मालक, बेळगावात अल्पसंख्याक, गोव्यात परका. तेही एकाच वर्षात!

विलायतेतही हेच चाललंय. 1968 मध्ये इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध भाषण केलं आणि लंडनच्या गोदीतले कामगार त्यांच्या बाजूनं रस्त्यावर उतरले. 2016 च्या ब्रेक्झिट मतदानात मात्र जिथं परदेशी सगळ्यांत जास्त, त्या लंडननं युरोपात राहायला कौल दिला. उलट बोस्टन या लहानशा गावात थोड्या वर्षांत पूर्व युरोपचे पुष्कळ शेतमजूर आले, तिथं चारांतल्या तिघांनी बाहेर पडायला मत दिलं. मला यातून एवढंच कळतं, की लोक नुसत्या संख्येला भीत नाहीत. बदल झपाट्यानं आला आणि कुणी विचारलंच नाही, तर भितात.

ही भीती आपल्या घरातही आहे. 2011 च्या जनगणनेत जैन सुमारे 44 लाख, म्हणजे देशात हजारी चारही नाहीत. आपल्या सभांमधून संख्येची काळजी बोलली जाते, आणि बोलता बोलता बोट सुनांकडं वळतं: बाहेरची केली, बाहेर दिली. पण स्थलांतर म्हणजे काय हे बायकांना कुणी शिकवायला नको. त्याच जनगणनेत गाव सोडून दुसरीकडं राहणारे सुमारे 45 कोटी लोक मोजले गेले. त्यांत बायकाच जास्त, आणि त्यांचं मुख्य कारण लग्न. आपण त्याला स्थलांतर म्हणत नाही, 'सासरी गेली' म्हणतो. निपाणीकडची मराठी बोलणारी पोर बैलहोंगलला कन्नड घरात जाते, वर्षभरात सासूशी कन्नडात भांडायलाही लागते. तिच्यामुळं कुणाची भाषा बुडाली, असं मी ऐकलेलं नाही.

कणकुंबीच्याच तालुक्यात हलशी आहे, जुनी पलाशिका. तिथं पाचव्या शतकात कदंब राजा मृगेशवर्म्यानं वडिलांच्या स्मरणार्थ जिनालय बांधलं आणि यापनीय, निर्ग्रंथ, कूर्चक अशा तिन्ही संघांच्या साधूंसाठी जमीन दिली. यातले यापनीय तर स्त्रीलाही मोक्ष आहे म्हणणारे. हे साधू चातुर्मास सोडला तर एका गावी न राहणारे. त्यांना राजानं जमीन देताना 'तुम्ही मूळचे कुठले' हे विचारलं नाही. 1899 मध्ये निपाणीजवळ स्तवनिधीला दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली, तीही मराठी आणि कन्नड बोलणाऱ्यांनी मिळूनच.

मराठी शाळा टिकावी, मराठीत कागद मिळावा, हा हक्क आपण मागायचाच. पण तो मागताना घाटाखाली 'घाटी' ऐकणाऱ्या कन्नड मजुराची बायकोही आपल्यासारखीच आहे, हे ध्यानात ठेवायचं. आपल्या दारात कामाला येणाऱ्या परगावच्या बाईला आपण काय म्हणून हाक मारतो, तेवढं तरी आपल्या हातात आहे.