माहितीपट यशवंतरावांचा, कॅमेरा हडपसरात

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसर, घोरपडी आणि वानवडी यांच्या मधल्या माळावर मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींवर तोफा डागत होत्या. एकीकडे यशवंतराव होळकर, दुसरीकडे दुसरे बाजीराव पेशवे आणि दौलतराव शिंदे यांचे सैन्य. दिवस मावळायच्या आत निकाल लागला. बाजीराव सिंहगडाकडे निघून गेले, तिथून कोकणात उतरले आणि वर्ष सरता सरता, ३१ डिसेंबरला, वसईत त्यांनी इंग्रजांशी तह केला. यशवंतरावांविषयी मराठी मनात जे दोन तट पडले, त्यांची वाट या माळावरून जाते. एक तट म्हणतो, या माणसाने पुणे नागवले आणि पेशव्यांना इंग्रजांच्या दारात नेऊन सोडले. दुसरा म्हणतो, शिंदे-भोसले हतबल झाल्यावर कंपनी सरकारशी एकट्याने झुंजला तो हाच, म्हणून आद्य स्वातंत्र्ययोद्धा हाच. गेल्या काही दशकांत ही दुसरी बाजू चांगलीच बळावली आहे, आणि तिला न्यायही मिळायलाच हवा होता. अशा माणसावर माहितीपट काढायचा तर कसा काढावा? माझे म्हणणे असे की जन्म वाफगाव, मृत्यू भानपुरा अशा चरित्राच्या रुळावरून तो नेऊच नये. कॅमेरा हडपसरात रोवावा आणि ज्याला जे म्हणायचे असेल त्याला तिथे बोलवावे.

रूढ रीत आपल्याला ठाऊक आहे. एका खुर्चीत कैवारी, दुसरीत टीकाकार, अधूनमधून किल्ल्यांची हवाई दृश्ये, आणि दोघांना मोजून सारखी मिनिटे. याला समतोल म्हणायची पद्धत आहे. प्रेक्षक ज्या मताने येतो त्याच मताने उठतो, फक्त आपल्या बाजूचे दोन नवे मुद्दे खिशात घालून. यशवंतरावांच्या बाबतीत ही रीत अधिकच फसते, कारण दोन्ही तटांचे घटनांवर फारसे भांडण नाही. यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना हत्तीच्या पायी दिले, हे दोघांना मान्य. पुण्यात जबर वसुली झाली, हेही मान्य. भांडण आहे ते गोष्ट कुठल्या तारखेला सुरू करायची आणि कुठे थांबवायची याचे. फिर्यादी पक्ष १८०२ च्या ऑक्टोबरात पडदा वर करतो आणि वसईला खाली पाडतो. बचावाचा पक्ष १७९७ पासून सुरू करून १८०५ च्या शेवटी थांबतो. चरित्रपट काढणाऱ्याला या दोन्हींतला एक आराखडा नकळत स्वीकारावाच लागतो. जागा धरून बसणाऱ्याला ती सक्ती नाही. त्याला फक्त एवढेच विचारायचे असते की त्या दिवशी या माळावर कोण कशासाठी उभा होता.

कशासाठी, याचे उत्तर पुण्यातच, हडपसरपासून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर आहे. ऑगस्ट १७९७ मध्ये यशवंतरावांचे वडील तुकोजी होळकर वारले. काशीराव, मल्हारराव, विठोजी आणि यशवंतराव या त्यांच्या चार मुलांत वारसा कोणाचा, हा घरचा तंटा. पण दौलतराव शिंद्यांनी काशीरावांची बाजू घेतली आणि १४ सप्टेंबरला भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, मल्हारराव होळकरांच्या तळावर छापा घालून त्यांना ठार केले. विठोजी आणि यशवंतराव निसटले. यशवंतराव नागपूरकर भोसल्यांच्या आश्रयाला गेले, तर तिथे कैदेत पडले, तिथूनही पळाले. विठोजींनी दख्खनमध्ये धुमाकूळ घातला, पकडले गेले आणि एप्रिल १८०१ मध्ये शनिवारवाड्यात, बाजीरावांच्या देखत, त्यांना हत्तीच्या पायाला बांधून मारले. पेशव्यांच्या बाजूने बोलणारा इथे म्हणेल की बंडखोराला शासन करणे राज्यकर्त्याचे कामच होते, आणि विठोजींनी पेशव्यांचाच मुलूख लुटला होता. हे खोटे नाही. पण होळकरांच्या सरदारकीतला मुलगा तुरुंगात टाकून तडजोडीचे प्यादे म्हणून राखता आला असता. तो मारला, तोही अशा तऱ्हेने, तेव्हा धाकट्या भावाला परतीची वाट उरली नाही. पुण्यावर चालून येतानाही यशवंतरावांच्या मागण्यांत मल्हाररावांचा लहानगा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यातून सोडवा, ही एक मागणी होती. ती मान्य झाली असती तर लढाई टळली असती, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण ती नाकारली गेली, हे माहितीपटात आलेच पाहिजे.

लढाईचा तपशील इतिहासकार ग्रँट डफने दिला आहे आणि तो चित्रपट करणाऱ्याला उपयोगी पडणारा आहे. यशवंतरावांचा तळ लोणी आणि हडपसर यांच्या दरम्यान होता. त्यांच्या चौदा कवायती पलटणी व्हिकर्स, हार्डिंग आणि आर्मस्ट्राँग या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली होत्या. शिंद्यांचे सेनापती सदाशिवराव भास्कर, आणि त्यांच्या दिमतीला शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या दि बॉयनच्या तालमीत वाढलेल्या चार पलटणी डॉस या अधिकाऱ्याच्या हुकमतीत. सकाळी तोफा सुरू झाल्या. होळकरांची घोडदळे एकदा मागे रेटली गेली, तेव्हा यशवंतराव स्वतः पुढे झाले आणि रंग पालटला. डॉस पडला, जिंकणाऱ्यांच्या बाजूचा हार्डिंगही पडला. हे दोन गोरे मृतदेह, एकेका बाजूला एकेक, एकाच चौकटीत दाखवले तर देशी विरुद्ध परके अशी सोपी विभागणी त्या सकाळी लागू नव्हती, हे निवेदनाशिवाय कळेल. आणि याच व्हिकर्सचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. १८०४ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटण्याच्या सुमारास, फितुरीच्या संशयावरून, यशवंतरावांनी त्याला आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना ठार करवले. कैवाऱ्याला यात राष्ट्रभक्ती दिसेल, टीकाकाराला क्रौर्य. मला त्यात दोन वर्षांत पुरता बदललेला एक माणूस दिसतो. हडपसरला ज्याच्या भरवशावर लढाई जिंकली, त्याच्यावर विसंबणे आता त्याला परवडत नव्हते.

पुण्याच्या लुटीचा मुद्दा मात्र झाकून चालणार नाही. विजयानंतर यशवंतरावांनी प्रथम शहराला धक्का लागू दिला नाही. बाजीराव परत यावेत म्हणून निरोप धाडले, ते येत नाहीत असे दिसल्यावर बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव यांना पुढे केले आणि त्यांचा मुलगा विनायकराव याला गादीवर बसवायचा घाट घातला. पण फौजेचा पगार तुंबलेला होता आणि पैसा पुण्याच्या वाड्यांत होता. मग वसुली सुरू झाली आणि तिने मार, कोंडमारा, खणत्या यांचे रूप घेतले. मार्च १८०३ मध्ये ते पुण्यातून निघून गेले तोवर शहर नागवले गेले होते. यावर बचावाचे लोक चटकन १७९८ ची आठवण देतात: दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी, बाजीरावांच्या संमतीने, याच पुण्यातल्या धनिकांना छळून पैसे काढले होते, आणि १८०१ च्या ऑक्टोबरात त्यांनीच इंदूर लुटले. आठवण खरी आहे, तरी त्याने १८०२-०३ ची लूट धुऊन निघत नाही. ज्या सावकाराच्या घराची जमीन पाच वर्षांत दोनदा खणली गेली, त्याला खणणारा शिंद्यांचा की होळकरांचा, हा फरक फार दिलासा देणारा नव्हता. मात्र पुणेरी स्मरणात होळकरांची लूट ठळक आणि घाटग्यांची पुसट का राहिली, हा प्रश्न माहितीपटाने जरूर विचारावा. एक कारण उघड आहे: घाटगे हे पेशव्यांच्या बाजूचे दुखणे होते, होळकर बाहेरून आलेले.

दुसरे कारण साक्षीदारांत आहे. आपल्यापर्यंत पोचलेले यशवंतराव बहुतांशी इंग्रजांच्या लेखणीतून आलेले आहेत. लढाईच्या वेळी कर्नल बॅरी क्लोज हा रेसिडेंट पुण्यात होता. त्याचा पत्रव्यवहार पुणे रेसिडेन्सीच्या कागदांत छापला गेला आहे. पण यशवंतरावांचे गाजलेले शब्दचित्र काढले ते जॉन माल्कमने, १८२३ च्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात. हा माल्कम म्हणजे डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या रणांगणात होळकरांच्या फौजेवर चालून गेलेला सेनानी, आणि लगोलग मंदसोरला तह घडवून आणणाराही तोच. म्हणजे चरित्रकारानेच चरित्रनायकाच्या मुलाचे राज्य मोडले होते. माल्कम खोटे लिहितो असे मी म्हणत नाही. उलट यशवंतरावांच्या धाडसाची तो मोकळेपणाने दाद देतो. पण त्याला वाचकाच्या मनावर ठसवायचे होते की या अंदाधुंदीतून सुटका करणारी सत्ता आली. होळकरांच्या कैफियतीचा हेतू अर्थातच उलटा: घराण्याचा हक्क सिद्ध करणे. माहितीपटात प्रत्येक साक्षीबरोबर ती कोणत्या साली, कोणासाठी लिहिली गेली, हे पडद्यावर उमटले पाहिजे. दोन खुर्च्यांपेक्षा या एका ओळीने प्रेक्षक अधिक सावध होईल. मराठी कादंबरीने हे काम आपल्या परीने आधीच केले आहे. ना. सं. इनामदारांनी ‘झुंज’ यशवंतरावांवर लिहिली आणि ‘मंत्रावेगळा’ दुसऱ्या बाजीरावांवर. एकाच लेखकाने दोन्ही वैऱ्यांच्या कातडीत शिरून पाहिले. आपले वाचक मात्र बहुधा दोहोंतली एकच डोक्यावर घेतात.

यावर चित्रपटवाले हरकत घेतील की कागद वाचून दाखवायचे तर माहितीपट कशाला, व्याख्यान द्या. विठ्ठलभाई झवेरींनी १९६८ मध्ये गांधीजींवर पाच तासांचा माहितीपट केला तेव्हा त्यांच्याजवळ प्रत्यक्ष चित्रीकरण होते. यशवंतरावांचे छायाचित्र असणे शक्यच नाही. हरकत वजनदार आहे, पण तिला उत्तर देऊन झालेले आहे. पीटर वॉटकिन्सने १९६४ मध्ये बीबीसीसाठी १७४६ च्या कलोडनच्या लढाईवर चित्रपट केला. त्यात जणू बातमीदारांचे पथकच रणांगणावर पोचले आहे आणि दोन्हीकडचे शिपाई कॅमेऱ्याकडे पाहून आपण इथे का आलो ते सांगतात. कोणाला मालकाने जमिनीच्या बदल्यात धाडलेले, कोणाला पगारासाठी. हडपसरला हे विलक्षण शोभेल. होळकरांच्या घोडेस्वाराला, शिंद्यांच्या पलटणीतल्या पुरभय्याला आणि शेत तुडवले गेलेल्या हडपसरच्या माळकऱ्याला एकच प्रश्न विचारावा. त्यांची उत्तरे काल्पनिक असतील हे आरंभीच सांगून टाकावे. दुसरा दाखला मार्सेल ओफ्युल्सचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या मार्शल पेतांवरून फ्रान्स दुभंगला होता. १९६९ च्या आपल्या चार तासांच्या माहितीपटात ओफ्युल्सने पेतांचे चरित्र बाजूला ठेवले आणि क्लेरमाँ-फेराँ हे एक शहर धरून तिथल्या शेतकऱ्यांना, दुकानदारांना, जर्मन अधिकाऱ्याला बोलते केले. फ्रेंच दूरचित्रवाणीने तो १९८१ पर्यंत दाखवला नाही, यावरूनच तो कुठे लागला हे कळते. नेत्याची बाजू घेणे लोकांना सोपे जाते; आपल्या गावाने त्या काळात काय केले, हे सांगताना त्यांची जीभ अडखळते.

आणखी एक आक्षेप तत्त्वाचा आहे, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. १८०२ मध्ये ‘राष्ट्र’ होतेच कुठे? यशवंतरावांना राष्ट्रीय नेता म्हणणे म्हणजे आजचा अंगरखा त्यांना चढवणे नव्हे काय? हडपसरपुरते बोलायचे तर हो. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा इंग्रज सेनापती वेलस्लीपुढे कोसळत असताना ते माळव्यात बाजूला राहिले, हेही विसरता येत नाही. पण १८०४ च्या उन्हाळ्यापासून चित्र बदलते. कर्नल मॉन्सनच्या इंग्रज फौजेची त्यांनी दाणादाण उडवली, दिल्लीला वेढा घातला, आणि पुढे भरतपूरच्या जाटांच्या किल्ल्यापुढे इंग्रज सरसेनापती लेकला हात चोळत बसावे लागले. पंजाबपर्यंत मागे हटताना ते शीख सरदारांना एकत्र या म्हणून साद घालत होते. कोणी आले नाही, आणि डिसेंबर १८०५ मध्ये त्यांना राजघाटचा तह करावा लागला. एका माणसाच्या राजकारणाचा आवाका तीन वर्षांत भाऊबंदकीच्या सुडापासून हिंदुस्थानभरच्या आघाडीपर्यंत वाढला, असे मी मांडेन. त्यामुळे दोन्ही तटांचे यशवंतराव खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या सालांतले. चरित्रपटाला एकच नायक लागतो म्हणून तो यातल्या एकाचा बळी देतो.

राहिला वसईचा ठपका. हडपसर झाले नसते तर वसई झाली नसती, हे वाक्य फिर्यादी पक्षाचे हुकमी पान. तिथे एक कागद पुरेसा आहे. तैनाती फौजेची बोलणी बाजीराव आणि क्लोज यांच्यात आधीपासूनच सुरू होती, आणि ग्रँट डफ नोंदवतो की लढाईच्याच दिवशी, सहा पलटणींच्या मोबदल्यात पंचवीस लाखांचा मुलूख तोडून देण्याच्या तयारीचा मसुदा पेशव्यांकडून क्लोजच्या हाती पडला. वसईच्या तहात सहा हजारांहून कमी नसलेले पायदळ आणि सव्वीस लाखांचा मुलूख ठरला. म्हणजे पराभवाने तहाचे कलम फारसे बदलले नाही. सही मात्र लवकर झाली. यातून बाजीरावांचा दोष वाढतो, पण यशवंतरावांचा सगळाच उतरत नाही. घासाघीस लांबवत राहणे हा बाजीरावांचा स्वभाव होता, आणि आणखी वर्षभर ती चालली असती तर दौलतरावांना उत्तरेतून यायला वेळ मिळाला असता. तोफांनी तो वेळ संपवला. माहितीपटाच्या शेवटी मी हा मसुदा ठेवीन, क्लोजच्या टेबलावर, आणि पार्श्वभूमीला हडपसरकडून येणारा तोफांचा आवाज. एप्रिलमध्ये वेलस्ली पुण्यात शिरतो आणि मे महिन्यात बाजीराव गादीवर परततात, ते दृश्य त्याच्या आधीच येऊन गेलेले असावे.