हृदयविकार असलेले मांजर जेवत नसेल तर काय करावे?

मांजराला हृदयविकाराचे निदान झाले, औषधे सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत त्याने वाटीकडे पाठ फिरवली, अशी तक्रार पशुवैद्यकाकडे वारंवार येते. अशा वेळी घरचे लोक दूध-भातावर भागवतात किंवा तोंड उघडून घास भरवू लागतात. दोन्ही उपाय बहुधा नुकसानच करतात. मांजर का खात नाही आणि घरी नेमके काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

एक दिवसाचा उपासही महत्त्वाचा का?

मांजर २४ तास काहीच खात नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. उपाशी मांजराच्या शरीरातील चरबी वेगाने यकृतात साठू लागते. याला हिपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. लठ्ठ मांजरांत हा धोका अधिक असतो आणि वेळीच उपचार न झाल्यास तो जिवावर बेततो. शिवाय जुनाट हृदयविकारात स्नायू झिजतात. त्यामुळे अशा मांजराला उपास परवडत नाही.

भूक का मंदावते?

मांजरांत सर्वाधिक आढळणारा हृदयविकार म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. यात हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होते. मेन कून आणि रॅगडॉलप्रमाणेच आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या पर्शियन मांजरांतही तो आढळतो. भूक कमी होण्याची मुख्य कारणे अशी:

- श्वास लागणे: फुप्फुसात किंवा छातीत पाणी साठले की मांजराला श्वास घेणे आणि गिळणे एकाच वेळी जमत नाही.
- लघवीचे औषध: फ्युरोसेमाइडमुळे शरीरातील पाणी व पोटॅशियम कमी होऊ शकते. मूत्रपिंडांवर ताण येतो आणि मळमळते.
- कडू गोळी: क्लोपिडोग्रेल फार कडू असते. ती जेवणात मिसळल्यास मांजर फेस गाळते आणि नंतर त्या जेवणाला तोंडही लावत नाही.
- अन्नात अचानक बदल: आजारपणातच नवे अन्न सुरू केले तर मांजर मळमळीचा संबंध त्या अन्नाशी जोडते.

आधी श्वास, मग घास

मांजर गाढ झोपलेले असताना छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजा. हा आकडा साधारणपणे ३० पेक्षा कमी असावा. सतत जास्त येत असेल तर अन्नाचे प्रयोग थांबवून डॉक्टरांशी बोला. धापा टाकणाऱ्या मांजराला सिरिंजने भरवू नका. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते आणि धरपकडीच्या ताणाने प्रकृती आणखी बिघडते.

घरी करून पाहण्याचे उपाय

- अन्न कोमट करा. मांजर आधी वास घेते, मग चव. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत फ्रिजमधून काढलेल्या अन्नाला वासच येत नाही. वाटी गरम पाण्यात ठेवून अन्न हाताला कोमट लागेल इतकेच तापवा.
- थोडे थोडे, दिवसातून चार ते सहा वेळा द्या. एप्रिल-मेच्या उन्हात ओले अन्न लवकर खराब होते. उरलेले अन्न अर्ध्या-एक तासात उचला. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि रात्री उशिरा मांजर अधिक खाते का, ते पाहा.
- पसरट ताटली वापरा. मिशा कडेला घासलेल्या काही मांजरांना आवडत नाहीत. ताटली शांत जागी, मातीच्या ट्रेपासून लांब ठेवा.
- गोळी वेगळी द्या. कडू गोळी रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये भरून देता येते का, ते डॉक्टरांना विचारा. मुख्य जेवणात औषध मिसळू नका.
- नवे अन्न ७ ते १० दिवसांत हळूहळू आणा, तेही मांजर स्थिर झाल्यावर.
- पाणी कमी करू नका. लघवीचे औषध सुरू असताना ताजे पाणी कायम समोर हवे.

काय द्यावे?

४ किलो वजनाच्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. त्वचा काढलेल्या १०० ग्रॅम उकडलेल्या चिकनमधून सुमारे १५० किलोकॅलरी मिळतात. मात्र नुसते चिकन हा परिपूर्ण आहार नाही. मांजरांसाठीचे तयार संतुलित अन्न हा मुख्य आहार असावा. भूक चाळवण्यासाठी त्यावर चिकनचे तुकडे किंवा बिनमिठाचे चिकनचे पाणी घाला.

दूध-भात, दही-भात किंवा पोळी-दूध यांनी पोट भरते, पण मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळते. टॉरिनच्या कमतरतेमुळे मांजराचे हृदय पसरट व कमजोर होते, हे पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखवून दिले. टॉरिन दिल्यावर यातील अनेक मांजरे सुधारली आणि कंपन्यांनी मांजरांच्या अन्नातील टॉरिन वाढवले. म्हणून शाकाहारी घरात वाढलेल्या किंवा कुत्र्याचे अन्न खाणाऱ्या मांजराबाबत ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगा. टॉरिन पाण्यात उतरते, त्यामुळे चिकन उकडलेले पाणी फेकू नका.

काय टाळावे?

- खारवलेले सुके बोंबील, सुकट, फरसाण, पापड: मिठामुळे शरीरात पाणी साठते.
- कांदा-लसूण घातलेला रस्सा: तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवल्याने हा धोका जात नाही.
- द्राक्षे आणि बेदाणे: कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना ते घातक ठरतात. मांजरांनाही देऊ नयेत.
- पॅरासिटामॉल: माणसांची ही साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

कमी मिठाचे अन्न चांगलेच, पण मांजर ते खात नसेल तर हट्ट धरू नका. आवडीचे, थोडे कमी आदर्श अन्न पोटात जाणे हे उपाशी राहण्यापेक्षा बरे.

भूक वाढवणारी औषधे

मिर्टाझापिन किंवा सायप्रोहेप्टाडिन ही औषधे पशुवैद्यक देऊ शकतात. ही दोन एकमेकांच्या विरुद्ध काम करतात, म्हणून एकत्र देत नाहीत. घरातील मुलांचे भुकेचे सिरप मनाने पाजू नका. हृदयाची औषधेही स्वतःहून बंद करू नका. मात्रा बदलायची की नाही, ते रक्ततपासणीनंतर डॉक्टर ठरवतील.

वजनाची नोंद ठेवा

आठवड्यातून एकदा मांजराला टोपलीत ठेवून वजन करा आणि टोपलीचे वजन वजा करा. ४ किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम वजन घटले म्हणजे ५ टक्के घट झाली. ही बाब डॉक्टरांना कळवा. हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, म्हणजे इकोसाठी, नाशिकहून मुंबई किंवा पुण्याला जावे लागले तर ही नोंद आणि औषधांची यादी सोबत न्या. प्रवास थंड वेळी, झाकलेल्या पिंजऱ्यातून करा.

तातडीने दवाखाना केव्हा गाठावा?

- तोंड उघडून श्वास घेणे, जीभ किंवा हिरड्या निळसर दिसणे
- मागचे पाय अचानक लुळे व गार पडणे आणि वेदनेने ओरडणे: ही रक्ताची गुठळी असू शकते
- चक्कर येऊन पडणे
- २४ तासांहून अधिक काळ अन्न न घेणे किंवा वारंवार उलट्या

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या मांजराचे औषध व आहार पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच ठरवावा.*