नागपूरमधील नागरी हिंसाचार आणि प्राथमिक आरोग्यसेवा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
हिंसाचाराच्या इतिहासात मृत व जखमींची संख्या नोंदविली जाते. खंडित झालेले औषधोपचार आणि मनात दडलेली भीती यांची नोंद क्वचितच होते. हिंसाचार हा सार्वजनिक आरोग्याचा प्रमुख प्रश्न असल्याचे जागतिक आरोग्य सभेने १९९६ मध्ये जाहीर केले. या दृष्टिकोनातून नागपूर शहराचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषय विवेचन :
सप्टेंबर १९२७ मध्ये महाल परिसरात जातीय दंगल उसळली. त्यावेळी प्राथमिक आरोग्यसेवेची संकल्पना भारतात रुजलेली नव्हती; भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासून अस्तित्वात होते. परंतु ते गंभीर मनोरुग्णांसाठी होते. दंगलीने भयग्रस्त झालेला सामान्य नागरिक त्याच्या कक्षेत येत नव्हता.

१७ मार्च २०२५ रोजी त्याच महाल परिसरात पुन्हा हिंसाचार झाला. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागू झाली व २३ मार्च रोजी ती पूर्णपणे उठविण्यात आली. वैद्यकीय कारणासाठी घराबाहेर पडण्यास मुभा होती. ही मुभा अपघात वा प्रसूतीच्या वेळी उपयोगी पडते. प्राथमिक आरोग्यसेवा मात्र नियमिततेवर चालते. बालकाची लस, गरोदर मातेची तपासणी, क्षयरोगाच्या गोळ्या यांसाठी पोलिसांचा अडथळा ओलांडण्याचे धाडस सामान्य कुटुंब सहसा करीत नाही.

शहराच्या दक्षिणेस असलेले बेसा या संचारबंदीबाहेर होते. तथापि हद्दीबाहेर असणे म्हणजे परिणामाबाहेर असणे नव्हे. सक्करदरा व नंदनवन हे भाग संचारबंदीत होते, आणि बेसासारख्या उपनगराचा रोजगार, नातीगोती व मोठी शासकीय रुग्णालये शहरातच आहेत.

मानसिक आघात बहुधा डोकेदुखी, छातीतील धडधड वा निद्रानाश या रूपांत व्यक्त होतो. असा रुग्ण प्रथम जवळच्या दवाखान्यातच जातो. म्हणूनच १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने मानसिक उपचार प्राथमिक आरोग्यसेवेशी जोडण्याचे धोरण स्वीकारले. परिणामी दवाखान्याची वाट बंद झाली की मानसिक उपचारांचीही वाट बंद होते.

निष्कर्ष :
१९२७ मध्ये व्यवस्थाच नव्हती. २०२५ मध्ये व्यवस्था आहे, परंतु अशांततेच्या काळात ती रुग्णापर्यंत पोहोचण्याची हमी नाही. संचारबंदीच्या आदेशात लसीकरण, नियमित औषधे व आरोग्यसेविकांच्या गृहभेटी यांचा स्पष्ट उल्लेख असावा. शांतता प्रस्थापित झाल्यावर उपचार चुकलेल्या रुग्णांची यादी करून त्यांच्या झोपेची व भीतीचीही विचारपूस व्हावी. तेव्हाच हिंसाचाराच्या हानीची मोजणी पूर्ण होईल.